डोळ्यातलं फूल आणि हैदराबादचे डॉक्टर राव

मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. एक बांधकाम मजूर वॉर्डात आला. डोळ्यात कण गेला होता. मेडिकलमधून आणलेले थेंब घालून तो आठ दिवस कामावर जात राहिला, कारण खाडा झाला की मजुरी बुडते. आला तेव्हा बुबुळावर पांढरा डाग पक्का झाला होता. आपल्याकडे म्हणतात, "फूल पडलं." दुसऱ्याचे पटल बसवल्याशिवाय दिसणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच्या बायकोने मला विचारले, "सिस्टर, ते कुठं विकत मिळतं?"

ते विकत मिळत नाही. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक पटल असते, त्याला कॉर्निया म्हणतात. ते मेलेल्या माणसाच्या डोळ्यातूनच घेता येते आणि नातेवाइकांनी दिले तरच.

डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी सारे आयुष्य याच पटलासाठी दिले. गुंटूरला ते डॉक्टर झाले, दिल्लीच्या एम्समध्ये डोळ्यांचे शिक्षण घेतले, अमेरिकेत कॉर्नियाचे तज्ज्ञ झाले. तिथल्या रोचेस्टर विद्यापीठात ते शिकवत होते. ते सोडून मायदेशी आले. 1987 साली हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था सुरू झाली. तिच्यासाठी जमीन आणि देणगी दिली 'एक दूजे के लिए'चे निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यावर तिथे मोफत उपचार होतात.

पण सर्जनचा हात कितीही चांगला असला तरी पटल नसेल तर तो काय करणार? म्हणून 1989 साली संस्थेची नेत्रपेढी उभी राहिली. मोठ्या रुग्णालयांत समुपदेशक नेमले. ते शोकात असलेल्या घरच्यांशी हळुवारपणे बोलतात. आज तिथे 50,000 हून अधिक कॉर्निया बसवून झाले आहेत.

डॉक्टरांनी आणखी एक ओळखले. गरीब माणूस मोठ्या दवाखान्यात उशिराच पोचतो. म्हणून गावोगावी लहान नेत्रकेंद्रे काढली आणि तिथे स्थानिक तरुण मुलामुलींना शिकवून बसवले. नांदेडच्या सीमेजवळच्या मुधोळलाही त्यांचे केंद्र आहे. 2002 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या हातात काय आहे? डोळ्यात काही गेले तर चोळू नका. चुना किंवा सिमेंट गेले तर लगेच स्वच्छ पाण्याने अर्धा तास धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. दुखणे, लाली, अंधुक दिसणे असेल तर त्याच दिवशी दाखवा. मध, दूध, शेजारणीचे थेंब काही घालू नका.

आणि घरात कुणी गेले तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करा. आधी फॉर्म भरलेला नसला तरी वारसांची संमती चालते. पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. वीसेक मिनिटांत काम होते, चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यविधी थांबत नाही. चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, साखर होती, तरी डोळे देता येतात. घेता येतील की नाही ते नेत्रपेढीवाले तपासून ठरवतात.

हे बोलणे मात्र दुःखाच्या वेळी सुचत नाही. आज रात्री जेवताना घरात बोलून ठेवा. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर कुठल्या दुकानात नाही, आपल्या घरात आहे.