औषधाने हिरड्या का वाढतात?

रक्तदाबाची गोळी ही पेढीवर बसणाऱ्या माणसाच्या दिनक्रमातील नित्याची बाब झाली आहे. साखळीच्या बाजारपेठेत पन्नाशी ओलांडलेले चार व्यापारी एकत्र आले, की भावाच्या तेजीमंदीइतकीच रक्तदाबाच्या चढउताराचीही चर्चा होते. परंतु यांपैकी काही गोळ्यांचा परिणाम हिरड्यांवरही होऊ शकतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मग कोणी तो दातांचाच विकार समजून निरनिराळी दंतमंजने घाशीत बसतो, तर कोणी गोळीवर राग काढून ती परस्पर बंद करतो. ही दुसरी गोष्ट प्राणावर बेतू शकते. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. वैद्यकशास्त्र आमचे क्षेत्र नव्हे. तथापि जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

हा परिणाम प्रथम अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, औषधात दिसून आला. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पटनम यांनी फेनिटोइन हे औषध फेफऱ्यावर गुणकारी असल्याचे दाखविले आणि पुढच्याच वर्षी, १९३९ साली, किंबॉल यांनी ते घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढत असल्याचे नोंदविले. १९८० नंतरच्या दशकात आणखी दोन वर्ग पुढे आले. एक सायक्लोस्पोरिन, मूत्रपिंडाचे रोपण झाल्यावर शरीराने परके इंद्रिय नाकारू नये म्हणून ते देतात. दुसरा वर्ग रक्तदाबावरील निफेडिपिन, अॅम्लोडिपिन इत्यादी गोळ्यांचा. फेनिटोइन घेणाऱ्यांत साधारण निम्म्या लोकांना हा त्रास होतो. निफेडिपिनने तो त्याहून पुष्कळ कमी जणांना होतो व अॅम्लोडिपिनने त्याहूनही कमी. सबब अॅम्लोडिपिन घेणाऱ्या प्रत्येकाने धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आता हे घडते कसे? आपल्या वखारीत मालाची आवक व जावक चालू असते, तोवर साठा बेताचा राहतो. आवक तेवढीच राहून जावक थांबली, तर पोत्यांची थप्पी छपराला लागते. हिरडीचेही तसेच आहे. तिच्यातील काही पेशी कोलॅजेन नावाचे चिवट तंतू निर्माण करतात, आणि जुने तंतू विरघळविण्याचे कामही चालू असते. फेफऱ्याचे औषध, रोपणानंतरचे औषध व रक्तदाबाची गोळी यांचे रोग भिन्न असले, तरी पेशींमधील कॅल्शियमच्या ये-जा करण्यात तिन्ही हस्तक्षेप करतात. त्यामुळे जुने तंतू विरघळविणारा पाचक घटक पुरेसा कार्यक्षम होत नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. नवे तंतू येत राहतात, जुने जात नाहीत आणि हिरडी फुगते.

परंतु केवळ औषध पुरत नाही. दातांवर साचणारा चिकट थर व त्यामुळे येणारी सूज ही त्यास साहाय्य करतात. धान्यात कीड असेल आणि वखारीला ओलही असेल, तर नुकसान दुप्पट होते, तसाच हा प्रकार. शिवाय शरीरप्रकृतीचाही भाग असतोच; एकच गोळी घेणाऱ्या दोघा भावांत एकाच्या हिरड्या वाढतात, दुसऱ्याच्या वाढत नाहीत.

वाढ बहुधा औषध सुरू झाल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत दिसू लागते. आरंभ दोन दातांमधील हिरडीच्या टोकापासून होतो, आणि तोही विशेषतः पुढील दातांत. पुढे हिरडी दातावर चढते, घास चावताना दुखते, घासताना रक्त येते, तोंडास दुर्गंधी येते. फेफऱ्याचे औषध घेणारी एखादी तरुण मुलगी हसताना पदर तोंडाशी नेऊ लागते, आणि घरच्यांना कारण उमगत नाही. मात्र प्रत्येक फुगलेली हिरडी औषधाचीच असे नव्हे. गर्भारपण, क जीवनसत्त्वाची उणीव, क्वचित रक्ताचा कर्करोग यांतही हिरड्या फुगतात. म्हणून निदान दंतवैद्यानेच करावयास हवे.

उपाय आहेत. प्रथम दातांवरील थर व कीटण काढून घेणे. आपल्यात अनेक घरी सूर्यास्तापूर्वी भोजन होऊन नंतर पाणीही वर्ज्य असते. अशांनी भोजन आटोपताच, वेळ आहे तोवर, दात घासून चूळ भरावी. अन्यथा अन्नकण रात्रभर दातांतच राहतात. दुसरा उपाय औषध बदलण्याचा. रक्तदाबासाठी निराळ्या वर्गातील गोळ्या मिळतात, सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस देता येते. बदलानंतर हिरडी पुष्कळदा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. जुनी, घट्ट झालेली वाढ शस्त्रक्रियेने काढावी लागते. पण तेच औषध चालू राहिले व स्वच्छता राखली नाही, तर ती पुन्हा येते.

हा बदल डॉक्टरनेच करावयाचा आहे. फेनिटोइन एकाएकी सोडल्यास फेफऱ्याचे झटके एकामागून एक येऊ शकतात. रोपणानंतरचे औषध थांबविल्यास लाभलेले मूत्रपिंड गमवावे लागते. रक्तदाबाची गोळी टाकल्यास पक्षाघाताचे भय. हिरडीपायी एवढी किंमत कोणी मोजू नये.

दंतवैद्याकडे जाताना आपण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. डॉक्टरांसही हिरडीविषयी मोकळेपणाने सांगावे. ज्यांना दूर जाणे शक्य आहे, त्यांच्यासाठी बांबोळी येथे गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय आहेच. घरातील वडीलधारी मंडळी अशी औषधे घेत असतील, तर सुनामुलांनी महिन्यातून एकदा त्यांच्या हिरड्या उजेडात पाहाव्यात, एवढीच आमची विनंती.