चर्चेतले बळ, मतांचे बळ

शिरूर अनंतपाळ : निवडणूक जवळ आली की आपल्याच उमेदवाराचे पारडे जड असल्याचे दावे समर्थक हिरिरीने करू लागतात. मात्र, चर्चेतले बळ मतांत उतरतेच असे नाही. लातूर जिल्ह्याने २००४ मध्ये याचा दोनदा अनुभव घेतला. १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेवर निवडून गेलेले शिवराज पाटील चाकूरकर भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून पराभूत झाले. पाठोपाठ विधानसभेला निलंग्यात माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना त्यांचेच नातू संभाजी यांनी हरविले. २००९ मध्ये आजोबांनी ती जागा परत मिळविली.

अमेरिकेतही २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविताना असेच घडले. जनमत चाचण्यांत पुढे असलेले, इंटरनेटवर समर्थकांची फौज उभी करणारे हॉवर्ड डीन आयोवातील पहिल्याच लढतीत तिसरे आले.

चाचणीचा आकडा हा त्या दिवसापुरता कल असतो. हजार जणांच्या नमुन्यातही सुमारे तीन टक्क्यांची चूक संभवते. राज्यव्यापी चाचणीत एका तालुक्याच्या वाट्याला तर मोजकेच मतदार येतात. त्यामुळे किती जणांना, कुठे आणि केव्हा विचारले, हे पाहूनच ‘लाटे’वर विश्वास ठेवणे इष्ट.