मत्स्यपेटीतील पाणवनस्पती व प्रकाशयोजना

अनेक ग्रामीण शाळांतून विज्ञानाच्या कोपऱ्यात एखादी काचेची मत्स्यपेटी ठेवलेली आढळते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासे, तळाशी नदीची धुतलेली वाळू, हायड्रिलाच्या काही काड्या व पट्टीसारख्या पानांच्या व्हॅलिस्नेरियाची दोन-चार रोपे, एवढा तिचा संसार असतो. पहिले पंधरा दिवस मुले तिच्याभोवतीच असतात. पुढे खालची पाने पिवळी पडू लागतात, काड्या लांबट व निस्तेज होतात, पाण्यास दुर्गंधी येते आणि एखाद्या सकाळी दोन मासे उलटे तरंगताना दिसतात. पाणी वेळेवर बदलले नाही, असे त्याचे कारण मुलांस सांगितले जाते. ते काही अंशी खरेही असते. परंतु पुष्कळदा अनर्थाचा आरंभ अपुऱ्या प्रकाशापासून झालेला असतो.

वनस्पती व मासे एकमेकांस जगवितात, हे लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये साधार मांडले. त्यांनी काचेच्या भांड्यात सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवली. पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले आणि पाणी पुन्हा निवळले. या व्यवस्थेतील वनस्पतीचा वाटा मात्र उजेडावरच अवलंबून असतो. उजेड नसेल तर ती प्राणवायू देत नाही. उलट माशांप्रमाणे तीही तो घेत राहते, आणि सडू लागली की उरलासुरला प्राणवायूही संपवते.

यावर उपाय म्हणून पेटी खिडकीत, थेट उन्हात ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. उन्हाने पाणी तापते आणि आठवड्याभरात हिरवेगार होते. उत्तरेकडील खिडकीजवळची जागा चांगली. तशी जागा नसल्यास दिव्याचा आधार घेणे इष्ट.

पूर्वी याकामी पिवळ्या प्रकाशाचा तारेचा दिवा वापरीत, आणि काही शाळांतून तो अद्यापही दिसतो. त्याने घेतलेल्या विजेपैकी फार थोडी उजेडाच्या रूपाने मिळते, बाकीची उष्णतेत जाते. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाल्यास दिवा तडकतो. शिवाय त्याच्या उजेडात निळा अंश अल्प असतो. वनस्पतीचे हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमन यांनी १८८२ मध्ये हिरव्या शेवाळाच्या एका तंतूवर इंद्रधनुष्यी पट्टा पाडला व पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जीवाणू सोडले. ते तांबड्या व निळ्या भागांशी दाटीने जमले, हिरव्या भागाशी अगदी विरळ.

आज बाजारात सहज मिळणारी दोन फुटी शुभ्र एल.ई.डी. पट्टी हे काम स्वस्तात करते. वेष्टनावर ६५०० हा आकडा असलेली पट्टी निवडावी. वॅटपेक्षा लुमेन पाहून घ्यावे, कारण वॅट हा विजेच्या खर्चाचा आकडा आहे, लुमेन हा उजेडाचा. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व तेवढ्याच उंचीच्या पेटीत काठोकाठ भरल्यास ५४ लिटर पाणी मावते. साध्या वनस्पतींसाठी लिटरमागे सुमारे २० लुमेन हा व्यवहारातला अंदाज धरला, तर हजार-अकराशे लुमेनची, म्हणजे साधारण दहा वॅटची, एक पट्टी पुरते. गोल दिवा चहूकडे उजेड फेकतो. पट्टीचा उजेड बहुतांशी खाली पडतो, हा आणखी एक लाभ. पट्टी व पाणी यांमध्ये काचेचे झाकण असावे. विहिरीच्या पाण्याने झाकणावर क्षाराचा पांढरा थर बसतो व उजेड अडतो. तो दर आठवड्यास पुसून काढावा. वायर प्लगच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करण्याची शिस्त मुलांस पहिल्याच दिवशी लावावी.

नवा दिवा लावल्यावर तो दिवसभर चालू ठेवण्याची चूक सर्वांत अधिक होते. प्रारंभी सहा तास पुरे. पंधरवड्यात ते आठापर्यंत न्यावेत. उजेड वाढला की वनस्पतीस कर्बवायू व क्षारही अधिक हवेत. ते तिला न मिळाल्यास वाढ थांबते, आणि शिल्लक उजेडाचा लाभ शेवाळ उठवते. काच हिरवी होऊ लागल्यास एक-दोन तास कमी करावेत, माशांचे खाद्यही आवरावे. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे. गावच्या टाकीत टी.सी.एल. पावडर टाकली असल्यास ते पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालावे.

उजेड एकटा पुरत नाही, हे मुलांस शब्दांनी पटत नाही. बुडबुडे मोजून पटते. हायड्रिलाची बोटभर ताजी काडी कापलेले टोक वर करून पाण्याच्या पेल्यात बुडवावी व पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. खोली काळोखी करून एल.ई.डी. दिवा १० सें.मी. अंतरावर धरावा. पाच मिनिटांनी टोकातून सुटणारे बुडबुडे एक मिनिट मोजावेत. मग दिवा २० व ४० सें.मी. वर नेऊन प्रत्येक वेळी थोडे थांबून पुन्हा मोजावेत. संख्या उतरत जाते. तारेच्या दिव्याने पाणीही तापे, त्यामुळे फरक उजेडाचा की उष्णतेचा हे कळत नसे. ती अडचण आता जवळजवळ उरलेली नाही. शेवटी सोडा न घातलेल्या, उकळून गार केलेल्या पाण्यात तीच काडी ठेवून दिवा पुन्हा १० सें.मी. वर आणावा. उजेड तितकाच असूनही बुडबुडे तुरळक होतात, कारण या पाण्यात कर्बवायू उरलेला नसतो. येथे मुलांस लगेच उत्तर सांगू नये. एखादी मुलगी आपण होऊन 'सोडा राहिला' असे म्हणेपर्यंत वाट पाहावी.

दीर्घ सुट्टीत मत्स्यपेटी बंद खोलीत सोडून जाणे म्हणजे ती गमावणेच. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मासे व वनस्पती जवळच राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी, रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यात, झाडाच्या विरळ सावलीत ठेवाव्यात आणि वर जाळी बांधावी. उरलेली हायड्रिला ओढ्यात किंवा तलावात टाकू नये, ती तेथे माजते, खतखड्ड्यात टाकावी.