गड सोडला की शरण गेले?

सबमिशनच्या आदल्या रात्री विकिपीडिया उघडणारे आपण सगळेच. पण त्यातला इतिहासाचा लेख लिहितं कोण, आणि दोघांचं पटलं नाही तर शेवटी कोणाचं वाक्य राहतं, हे फारसं कोणी विचारत नाही. मी शहापूरची, शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ अधूनमधून रजेवर असतात (संपादक मंडळ सांभाळून घेईलच). या सुट्टीत मी आणि माझा मुरबाडचा मित्र, दोघांनी मिळून माहुली आणि सिद्धगडावर विकिपीडियासाठी मजकूर तयार करायला घेतला. पहिलं भांडण एका क्रियापदावरून झालं.

आसनगावला उतरलं की माहुलीचे सुळके दिसतात. निजामशाहीचा शेवटचा अंक १६३६ मध्ये याच गडावर झाला. शहाजीराजे लहानग्या मुर्तझा निजामशहाला घेऊन गडावर होते. मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान यांनी वेढा घातला. शेवटी निजामशहा मोगलांच्या हाती गेला आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. इथपर्यंत सगळ्यांना मान्य. आता हेच एका वाक्यात लिहायचं तर "शरण गेले" म्हणायचं की "मुत्सद्दीपणे माघार घेतली"? पहिल्यात राजांना कमी लेखल्यासारखं वाटतं, दुसऱ्यात त्यांच्या मनातलं आपल्याला कळल्यासारखं. मित्राने तोडगा काढला, "सन्मानपूर्वक शरणागती." म्हणजे दोन्हीकडचे लोक चिडणार!

गंमत अशी की न्यूट्रल म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मध्ये, असा आपला समज असतो. इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारा. थ्री-फेजमध्ये न्यूट्रलची वायर तुटली आणि लोड असमान असला की न्यूट्रल पॉइंट सरकतो. इथेही तसंच. दहा जण एका बाजूने ओरडले की "मध्य" त्यांच्याकडे सरकणार. विकिपीडियाचा निष्पक्षतेचा नियम म्हणून मध्यावर उभाच नाही. तो म्हणतो, विश्वासार्ह छापील साधनांत ज्या मताला जेवढं वजन आहे तेवढंच लेखात द्या, आणि मत असेल तर ते कोणाचं ते सांगा. आम्ही शेवटी ते विशेषण आणि ते क्रियापद दोन्ही काढून टाकलं. वेढा पडला, मुलगा कोणाकडे गेला, राजे कोणाकडे गेले, अशी तीन छोटी वाक्यं केली. भांडायला जागाच उरली नाही.

पण प्रत्येक वेळी एवढ्यावर सुटत नाही. छत्रपती संभाजी महाराजांचंच बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला आणि इंग्रजी विकिपीडियावरच्या त्यांच्या लेखातल्या मजकुरावरून गदारोळ झाला. महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. लोकांचा राग मला समजतो. पण आपल्यासाठी खरा प्रश्न तो मजकूर मुळात येतो कुठून, हा आहे. संभाजीराजांबद्दलचं बरंचसं वाईट चित्र मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून पसरलं. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली. शिवाय लेखक कोण, तर ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला, त्यांच्याच घराण्यातला! वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं मूळ कागद शोधून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा ते चित्र बदलायला लागलं.

मग लेखात बखर ठेवायची की काढायची? माझ्या मते ठेवायची, पण कोणी, कधी आणि कोणत्या नात्याने लिहिली ते त्याच वाक्यात सांगून. "राजे असे होते" आणि "चिटणीस बखरीत असं म्हटलं आहे" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बखर गुपचूप पुसली तर वाचणाऱ्याला तो गैरसमज आला कुठून आणि खोडला कोणी, हे कधीच कळणार नाही. आणि बेंद्र्यांची मेहनतही दिसणार नाही.

भांडण पेटलंच तर काय करायचं? एकमेकांचं लिखाण पुसत बसणं सगळ्यात वाईट. इंग्रजी विकिपीडियावर एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला तर ब्लॉक होऊ शकता. म्हणून लेखाच्या चर्चा पानावर जायचं, आपलं पुस्तक दाखवायचं, समोरच्याचं बघायचं, आणि तरी अडलं तर त्रयस्थ माणसाला बोलवायचं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथे सगळ्यांनी बोलायच्या जागेचं नाव चावडी आहे, ते मला फार आवडलं. प्रचालक म्हणजे तिथला सरपंच नव्हे बरं का. मारामारी थांबवणं त्याचं काम, कोणाचा इतिहास खरा हे ठरवणं नाही.

सिद्धगडावर मात्र आमची गाडी अडली. मुरबाड तालुक्यातल्या या गडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात गेले. भाई माथेरानचे, पेशाने वकील. त्यांच्या आझाद दस्त्याने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले होते. तेव्हाच्या सरकारच्या लेखी ते फरारी, आमच्या भागात हुतात्मा. दरवर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात. "हुतात्मा म्हणून ओळखले जातात" हे वाक्य चालतं, कारण ती लोकांबद्दलची खरी गोष्ट आहे.

खरं अडलं ते मित्राच्या आजोबांवर. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांच्या पाड्यातून दस्त्याला भाकऱ्या जायच्या, कोण न्यायचं, कुठे ठेवायचं, सगळं ते सांगतात. पण हे कुठेही छापलेलं नाही, आणि विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही. मित्र भडकला, "म्हणजे इंग्रजांच्या फायलीत आहे ते खरं, आणि माझे आजोबा खोटं बोलतात?"

खोटं कोणीच म्हणत नाही, मी म्हटलं. ज्याला तपासायचंय त्याला तपासता यायला हवं, एवढंच. आजोबांचं म्हणणं आधी कुठेतरी नीट छापून यावं, इतर पाड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींशी पडताळून बघावं, मग ते "स्थानिकांच्या आठवणींनुसार" म्हणून लेखात येऊ शकतं. त्याला हे पूर्ण पटलं नाही. नियम शहरातल्या, लिहित्या लोकांच्या सोयीचा आहे, असं तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. ज्यांच्या घरात कागद त्यांचा इतिहास आधी लिहिला जातो.

आजोबा आता नव्वदीच्या पुढे आहेत. दर रविवारी तो मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतो, दोन पाडे पलीकडच्या एका आजींकडेही जायचं ठरलंय. आमच्या मजकुरात भाकऱ्यांची ओळ सध्या नाही.