ढिगाऱ्यातले कानसेन

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी कोसळली. ढिगाऱ्याखालच्या पोकळ्यांनी माझ्या मनात घर केलं ते तेव्हापासून. तिथल्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद एकदम खाली आलं, मातीने फटी बुजवल्या. माणसाला श्वासापुरती जागाही फारशी उरली नाही. काँक्रीटच्या इमारतीत स्लॅब तिरके अडकतात, खाली कोनाडे राहतात. ऑगस्ट २०२०मध्ये महाडची इमारत पडल्यावर दुसऱ्या दिवशीसुद्धा माणसं जिवंत निघाली. अशा ठिकाणी बचावपथकं यंत्रं थांबवतात, गर्दीला गप्प करतात आणि कान लावतात. हाक ऐकू आली, तरी तिथवर वाट आहे का, हे वरून कळत नाही. या वाटेच्या शोधात वाचत वाचत मी झुरळांपर्यंत पोचलो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात अल्पर बोझकर्ट यांनी मादागास्करच्या फुत्कारणाऱ्या झुरळांच्या पाठीवर चिमुकली सर्किटं बसवली. बिनपंखी, बोटभर लांबीचा हा कीटक. मिशीला विजेचा हलका स्पंद दिला की पुढे अडथळा आहे असं समजून तो वळतो. पोटाच्या टोकाशी हवेची हालचाल टिपणारे अवयव असतात. त्यांना स्पंद दिला की मागून शत्रू आला म्हणून तो पुढे पळतो. २०१४मध्ये याच प्रयोगशाळेने झुरळांवर मायक्रोफोन चढवले. काहींवर एकच, आवाज नीट टिपण्यासाठी. काहींवर तीन, आवाजाची बाजू ताडून झुरळाला तिकडे वळवण्यासाठी. पुढेमागे माणसाची हाक आणि गळका पाइप यांतला फरकही यंत्राने ओळखावा, हा हेतू.

बातम्यांना या दूरनियंत्रणाचंच अप्रूप वाटलं. मला मात्र त्याच विद्यापीठातल्या अलिरेझा दिराफझून आणि एडगर लोबाटन यांचा २०१३चा शोधनिबंध कितीतरी मोलाचा वाटतो. ढिगाऱ्यात जीपीएस चालत नाही, तेव्हा कुठलं झुरळ कुठे आहे हे सांगता येत नाही. या दोघांनी तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं. त्यांची मांडणी अशी: थवा आत सोडायचा आणि भटकू द्यायचा. दोन कीटक जवळ आले की पाठीवरच्या यंत्रांनी त्या भेटीची नोंद करायची. सगळे पांगले की हुकूम द्यायचा, भिंत लागेपर्यंत जा आणि मग भिंतीच्या कडेने चालत राहा. पुन्हा भटकंती, पुन्हा भिंत. कोण कोणाला केव्हा भेटलं, एवढ्यावरून गणित त्या जागेचा आराखडा उभा करतं. त्यात फूट-इंच नसतात. कुठली पोकळी कुठल्या पोकळीला जोडलेली आहे आणि मध्ये भरीव काय आहे, ते असतं. बचावपथकाला आधी तेच हवं असतं.

प्राण्यावर एवढी सक्ती करावी का, हा वाद जुना आहे. २००२मध्ये संजीव तलवार आणि सहकाऱ्यांनी मेंदूत तारा घालून उंदीर हवे तसे वळवले, तेव्हाच तो पेटला. माझी ओढ टांझानियातल्या मोरोगोरोच्या ‘अपोपो’ संस्थेकडे आहे. तिथले मोठाले पिशवीगाल्या उंदीर शिकवून तयार केलेले असतात. अंगात जाकीट, पाठीवर कॅमेरा. माणूस सापडला की उंदीर जाकिटाला लावलेला चेंडू ओढतो आणि परतीचा आवाज ऐकून खाऊसाठी मागे येतो. मन नसेल तर तो काम करत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. पण बोटभर फटीत हा उंदीर मावणार नाही. तिथे झुरळच हवं.

मार्च २०२५च्या म्यानमार भूकंपानंतर सिंगापूरने अशी दहा झुरळं खरोखरच्या ढिगाऱ्यात उतरवली. पाठीवर इन्फ्रारेड कॅमेरे होते. जिवंत माणूस सापडला नाही, म्हणून प्रयोग फसला असं मी मानत नाही. काँक्रीट आणि सळयांतून रेडिओचा संदेश बाहेर काढणं अवघड आहे, ते काम अजून बाकी आहे. शिवाय दहा ही संख्याच फार थोडी. भेटींतून नकाशा काढायचा तर थवा दाट लागतो. दहा कीटक दहा फटींत शिरले, तर ते एकमेकांना भेटायचेच नाहीत.