माथ्यापासून पायथ्यापर्यंत : पाणलोट विकासाचे पथक आणि पथकप्रमुख

महाराष्ट्राच्या भूप्रदेशापैकी सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्टच्या कातळाने व्यापलेला आहे. हा कातळ स्वभावतः कठीण व घट्ट. त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात जेवढे पाणी मावेल, तेवढाच भूजलाचा साठा. त्यातच सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा विस्तीर्ण पट्टा आहे. तेथे पाऊस थोडा, तोही लहरी. मोजक्या दिवसांत कोसळतो आणि पुढे आठवडेच्या आठवडे दडी मारतो.

तरीही हिशेब मांडला तर अवर्षणप्रवण गावाच्या वाट्याला येणारे पाणी नगण्य नसते. एक हजार हेक्टरांच्या शिवारात वर्षभरात ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या शिवारावर ५० लाख घनमीटर, म्हणजे ५०० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील काही पिके व गवत घेतात, काही बाष्परूपाने उडून जाते, काही जमिनीत मुरते. उरलेले उतारावरून धावत ओढ्याला मिळते आणि जाताना सुपीक माती सोबत नेते. या पाण्याला गावाच्या शिवारात थोपविणे व मुरविणे, आणि मातीला तिच्या जागी राखणे, हेच पाणलोट क्षेत्र विकासाचे मर्म होय. हे काम शासनाच्या ज्या पथकाकडे सोपविले जाते, त्या पथकाच्या प्रमुखाची जबाबदारी मात्र सर्वसाधारण बांधकामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीहून निराळी आहे.

एक शिवार, अनेक कार्यालये

या राज्यात मृदसंधारणाची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे बांधबंदिस्तीची कामे सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देण्यासाठी बांध, नाला बांध व पाझर तलाव यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली आणि रोजगार हमी योजनेने ती पुढे चालू ठेवली. परंतु ही कामे पुष्कळदा सुटी सुटी झाली. एका डोंगरावर चर, दुसऱ्याच ओढ्यावर बांध, असे त्यांचे स्वरूप राहिले. म्हणून १९८३ साली सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेण्यात आला. पुढे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांच्या कारकिर्दीत, १९९२ साली, स्वतंत्र जलसंधारण विभाग अस्तित्वात आला. १ जुलै १९९८ रोजी कृषी विभागाची पुनर्रचना होऊन मृदसंधारण, फलोत्पादन व पीक विस्तार ही कामे एका छत्राखाली आली. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात अनेक विभागांची कामे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या सूत्रात ओवण्यात आली.

या साऱ्या प्रयत्नांमागे एकच अडचण दिसते. शिवार एक असले तरी कार्यालये अनेक असतात. डोंगरमाथा बहुधा वनविभागाचा, खालचे गायरान ग्रामपंचायतीच्या देखरेखीखालचे, उताराची शेते खाजगी मालकीची व म्हणून कृषी विभागाच्या कार्यकक्षेतली. ओढ्यावरचा बंधारा लघु पाटबंधारे किंवा जलसंधारण यंत्रणेचा, विहिरींचा अभ्यास भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेचा, आणि ओढ्यावरून जाणारा रस्ता बांधकाम विभागाचा. माथ्यावर पडलेला थेंब या सर्व हद्दी ओलांडून तासाभरात पायथ्याशी येतो. कागद मात्र त्याच वाटेने महिनोन् महिने चालतो.

पथकप्रमुखाला या सर्व कार्यालयांवर अधिकार नसतो. त्याच्या हाती असते ती दोन साधने : एक नकाशा आणि एक क्रम. गाव नकाशावर गट क्रमांकांसोबत उतार, मातीची खोली, ओघळी, विहिरी व झाडोरा दाखवून तोच नकाशा प्रत्येक विभागाच्या पुढ्यात ठेवला, म्हणजे बैठकीतील चर्चा आपल्या उद्दिष्टाकडून पाण्याच्या वाटेकडे वळते. कोणाचे काम आधी व कोणाचे नंतर, हे मग अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेवरून ठरत नाही. ते उतारावरून ठरते.

क्रम चुकला तर

माथा ते पायथा हे पाणलोट विकासाचे पहिले सूत्र आहे. प्रथम डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, वृक्ष व गवताची लागवड. त्याखाली ओघळींत अनगड दगडांचे लहान बांध. मग शेतांची बांधबंदिस्ती. आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर माती किंवा सिमेंटचे नाला बांध. या क्रमामागे साधे कारण आहे. पाणी माथ्यावर वेग घेण्यापूर्वीच अडविले, तर ते थोड्या खर्चात अडते. वेग घेतलेले पाणी खाली अडवायचे तर बांध मोठा लागतो, आणि वरची माती मोकळी असल्यामुळे तो थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरून जातो.

हे सर्वांना ठाऊक असूनही क्रम उलटतो, याची कारणे व्यवहारात आहेत. बंधारा डोळ्यांना दिसतो, यंत्राने लवकर उरकतो आणि ३१ मार्चपूर्वी निधी खर्ची पडतो. माथ्यावरचा चर रस्त्यावरून दिसत नाही; त्यासाठी मजूर जमवावे लागतात व रोपे जगवावी लागतात. अशा वेळी खर्चाचा तक्ता मागे पडला तरी चालेल, पण माथ्याचे काम झाल्याखेरीज ओढ्यातील कामास हात लावला जाणार नाही, असे सांगण्याचे धैर्य पथकप्रमुखाकडे असावे लागते. त्याच्या नेतृत्वाची पहिली कसोटी येथेच लागते.

दुसरा मोह खोलीकरणाचा. ओढ्यातील साचलेला गाळ काढणे उपयुक्त आहे. परंतु पाणी धरून ठेवणारा मुरमाचा थरच खरवडून खालच्या अखंड कातळापर्यंत खोदाई नेली, तर साठवणीची जागाच नष्ट होते आणि काठच्या विहिरींचे पाणी चरात झिरपू लागते. जलयुक्त शिवार अभियानाच्या काळात झालेल्या सरसकट खोलीकरणावर अनेक जलतज्ज्ञांनी याच कारणास्तव आक्षेप घेतले होते. भूगर्भाची पाहणी झाल्याशिवाय यंत्र ओढ्यात उतरू न देणे, हेही पथकप्रमुखाचे कर्तव्य ठरते.

पथकातील माणसे

केंद्र शासनाच्या १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांनी पाणलोट विकास पथकात पीकशास्त्र, पशुविज्ञान, अभियांत्रिकी व सामाजिक शास्त्रे या चार शाखांचे जाणकार असावेत, असे ठरविले. २००८ च्या सूचनांनी पथकात किमान एक महिला सदस्य असण्यावर भर दिला. यामागील दृष्टी समजून घेण्यासारखी आहे. एकाच माळरानाकडे अभियंता उतार म्हणून पाहतो, पशुवैद्य चराईचे रान म्हणून, तर पाण्यासाठी व सरपणासाठी रोज तेथून जाणारी स्त्री आणखी वेगळ्या नजरेने पाहते. हे सर्व पाहणे एकत्र आले तरच आराखडा खरा उतरतो.

त्यासाठी शिवार फेरीसारखा दुसरा उपाय नाही. पथकातील सर्वांनी गावातील वृद्ध शेतकरी, मेंढपाळ, महिला व तरुण यांच्यासमवेत माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत जावे. कोणता झरा कधी आटला, कोणती ओघळ कोणत्या पुरात पडली, कोणत्या बांधावरून भावकीत वाद आहे, हे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. ते चालताना कळते.

प्रत्यक्ष आखणीच्या वेळी प्रमुखाची उपस्थिती विशेष मोलाची असते. समतल रेषेत थोडा जरी फरक पडला, तरी चरातील पाणी सखल टोकाकडे धावते, तेथे चर फुटतो, आणि जेथे धूप थांबवायची तेथेच नवी ओघळ पडते. उन्हात रेषा आखणाऱ्या कृषी सहायकाला आपल्या कामाची अचूकता कोणी तरी जाणकारीने पाहत आहे असा विश्वास वाटला, तर त्या कामात जी निष्ठा उतरते, ती केवळ मोजमाप पुस्तिकेच्या तपासणीने उतरत नाही.

आणखी एक अडचण आहे. २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो. २००८ च्या सूचनांनी पाणलोट प्रकल्पाला मात्र चार ते सात वर्षे लागतील असे धरले होते. म्हणजे ज्याने आरंभ केला, त्याच्या हातून समाप्ती होईलच असे नाही. म्हणून कोणते काम कोठे व कशासाठी झाले, ग्रामसभेत कोणते शब्द दिले गेले, याची स्वच्छ नोंद मागे ठेवणे अगत्याचे ठरते. अधिकारी बदलला तरी गावाला दिलेला शब्द बदलता कामा नये.

त्याग कोणाचा, लाभ कोणाचा

पाणलोट विकासात एक विसंगती दडलेली असते. माथ्यावर चराईबंदी केली की तिची पहिली झळ शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला बसते; आणि मुरलेले पाणी प्रकटते ते पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीत. एकाचा त्याग आणि दुसऱ्याचा लाभ, असा हा व्यवहार राहिला तर चराईबंदी फार काळ टिकत नाही. रात्री कुंपण मोडते, आणि दोष मात्र गुराख्याच्या माथी येतो.

म्हणून बंदीची घोषणा करण्यापूर्वी पर्यायाची तजवीज व्हावी. सारे रान एकदम बंद न करता आळीपाळीने बंद ठेवावे. बंद रानातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क पशुपालकांना द्यावा. चर खोदाईच्या मजुरीत भूमिहीनांना अग्रक्रम असावा. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून उभ्या केलेल्या पाणी पंचायतीच्या प्रयोगाने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठेवता कुटुंबातील माणशी ठरविण्यात आला, भूमिहीनांचाही हक्क मानण्यात आला आणि उसाला पाणी नाकारण्यात आले. प्रत्येक गाव इतके पुढे जाईलच असे नाही. पण वाटपाचा प्रश्न बांध घालण्यापूर्वी ग्रामसभेत मांडला गेलाच पाहिजे. पाणी आल्यावर तो सुटत नाही, अधिक बिकट होतो.

पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने आदर्श गाव योजनेच्या आधारे घडविलेला पालट आज सर्वश्रुत आहे. १९८९ साली सरपंच झालेले पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांची शिस्त रुजली. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचे बंधन गावाने स्वतःवर घालून घेतले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी राखून ठेवावयाचे, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवावयाचे, अशी तेथील रीत आहे.

या उदाहरणातून शासकीय पथकाने घेण्याजोगा बोध असा की, अडविलेल्या पाण्यावर संयम नसेल तर बांधांची संख्या निरर्थक ठरते. विहिरीला पाणी वाढले, की अधिक अश्वशक्तीचा पंप येतो, ऊस येतो, आणि तिसऱ्या वर्षी टँकरही येतो. पर्जन्यमापक वाचण्यास व विहिरींची पातळी मोजण्यास गावातील चार तरुण-तरुणींना शिकविणे, हे काम एखाद्या बंधाऱ्याइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

पथक परतल्यानंतर

मातीच्या बांधाचा सांडवा एकदा वाहून गेला की पुढच्या पावसात बांधही जातो. दुरुस्ती वेळीच झाली तर चार माणसांच्या दोन दिवसांच्या कामात ती भागते. पण ती करावयाची कोणी, हे ठरलेले नसते. यासाठीच २००८ च्या सूचनांत खाजगी जमिनीवरील कामांच्या खर्चाचा किमान १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या तसेच अल्पभूधारक शेतकऱ्यांकडून ५ टक्के, लोकवाटा घेऊन देखभालीचा निधी उभारण्याची तरतूद करण्यात आली. ही रक्कम केवळ कागदोपत्री जमा दाखविली, तर गावाच्या दृष्टीने ते काम सरकारचेच राहते आणि त्याची दुरुस्तीही सरकारनेच करावी, अशी अपेक्षा निर्माण होते. वाटा खरोखर दिला गेला, तर बांध गावाचा होतो.

दरवर्षी १० मे हा सुधाकरराव नाईक यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. मे महिन्याचे हे दिवसच पाणलोट पथकाच्या कार्याची खरी परीक्षा घेतात. किती घनमीटर खोदाई झाली हे अहवालात असतेच. परंतु पथक परतून पाच वर्षे लोटल्यावर, भर उन्हाळ्यात, वस्तीवरील स्त्रीला घागरभर पाण्यासाठी किती चालावे लागते, हा आकडा अधिक बोलका असतो. तो आकडा ध्यानी ठेवून जो पथकप्रमुख पहिल्या दिवशी माथ्याची वाट चढू लागतो, त्याच्या हातून जमिनीचे व पाण्याचे रक्षण होते, आणि गावाच्या मनात शासनाविषयीचा विश्वासही दृढ होतो.