बोलावणे आणि तपासणे

मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावर कधी कधी छोटी गाठ वाढते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र हळूहळू, बहुधा दहाएक वर्षांत, कर्करोगात रूपांतर होते. या काळात माणसाला काहीच जाणवत नाही. गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून (कोलोनोस्कोपी) असे पॉलिप पाहता येतात आणि तिथल्या तिथे काढताही येतात. मग काहीही तक्रार नसलेल्या सर्वांनाच तपासणीला बोलावले तर?

त्याचा फायदा मोजायचा कसा? तपासणी करून घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली, तर आपली फसगत होईल. आपणहून येणारे लोक बहुधा प्रकृतीला जपणारे असतात. त्यांना रोग कमी झाला, तर श्रेय तपासणीचे की त्यांच्या सवयींचे?

पोलंड, नॉर्वे व स्वीडनमधील एका प्रयोगाने ही अडचण टाळली. त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ५५ ते ६४ वयाच्या ८४,५८५ लोकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. २८,२२० जणांना तपासणीचे आमंत्रण दिले, उरलेल्यांना दिले नाही. आमंत्रितांपैकी ४२ टक्केच आले. पण मोजताना न आलेल्यांनाही आमंत्रितांच्याच गटात धरले.

दहा वर्षांत कर्करोगाचे प्रमाण आमंत्रण नसलेल्यांत दहा हजारांमागे १२०, तर आमंत्रितांत ९८ आढळले. म्हणजे घट १८ टक्के. हेच दुसऱ्या प्रकारे मांडू: दहा हजारांमागे २२ रुग्ण कमी, म्हणजे एक कर्करोग टाळण्यासाठी सुमारे ४५५ जणांना बोलवावे लागले. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ऐकणाऱ्यावर त्यांचा परिणाम किती वेगळा होतो! या रोगाने झालेले मृत्यू दहा हजारांमागे ३१ आणि २८ होते. हा फरक इतका लहान, की तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

मग तपासणी निरुपयोगी ठरली का? नाही. हे मोजमाप आमंत्रणाचे आहे. आमंत्रित सगळे आले असते तर घट सुमारे ३१ टक्के झाली असती, असा संशोधकांचा अंदाज आहे. शिवाय इतक्या सावकाश वाढणाऱ्या रोगाला दहा वर्षे थोडीच. नॉर्वेत सुमारे ६१ टक्के लोक आले, पोलंडमध्ये ३३. तेव्हा सार्वत्रिक तपासणीचे यश दुर्बिणीइतकेच लोकांच्या येण्यावर अवलंबून असते.

भारतात या रोगाचे प्रमाण युरोपपेक्षा बरेच कमी आहे. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी घेतली आहे, आतड्याची नाही. याचे कारण समजण्यासाठी वर्गात एक गणित घालता येईल: धोका १२० ऐवजी ३० असेल आणि घट तीच १८ टक्के, तर एक रुग्ण टाळायला किती जणांना बोलवावे लागेल? उत्तर सुमारे १,८५० येते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हा सगळा हिशोब तक्रार नसलेल्यांचा आहे. शौचावाटे रक्त जात असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहिली असेल, तर मूळव्याध समजून घरी थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.